पाळणा समुद्रापार

दिवाळी सरली की दहिवडी-म्हसवडच्या रस्त्यांनी मेंढ्यांचे कळप पश्चिमेकडे सरकू लागतात. पुढे मेंढ्या आणि गडी, मागून घोडी आणि बायका. घोडीच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड चढलेलं असतं: वाघर, तवा, पिठाचं गठुडं, पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू. आणि या सगळ्याच्या मधोमध, वाकळेच्या खळग्यात, लुगड्याचा फेर देऊन बसवलेलं तान्हं मूल. बहुतेक वेळा ते झोपलेलंच असतं. घोडीच्या चालीला एक संथ झोका असतो, आणि झोक्यात झोपायचं हे मूल पोटात असल्यापासून शिकून आलेलं असतं.

"एवढं लहान बाळ घेऊन परदेशी जावं का?" असं कुणी विचारलं की मला ती घोडी आठवते. आमच्या माण तालुक्याच्या मातीत तान्ह्या मुलांचा प्रवास ही काही नवलाई नाही. नवं आहे ते विमान, पासपोर्ट आणि हौसेसाठी जाणं. पण धनगराच्या वाड्याचा एक जुना हिशोब इथेही तसाच लागू पडतो. आजची मजल किती, हे कुणाच्या मनात किती चालायचं आहे यावर ठरत नाही. पाणी कुठे आहे, चारा कुठे आहे आणि वाड्यातल्या सगळ्यात धाकट्या जिवाला किती झेपेल, यावर ठरतं. एकदा तळ पडला की काही दिवस तो तिथेच, आणि चरणं त्याच्या भोवती. बाळासोबतची परदेशातली सुट्टी आखताना मला याहून चांगली रीत सापडलेली नाही.

माझ्या भाचीचं उदाहरण घेतो. तिचं सासर दहिवडीजवळच्या एका वाडीतलं. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातली हजारो घरं सोन्या-चांदीच्या गलाईवर उभी राहिली. दुष्काळात शेतीनं हात सोडला आणि माणसं मूस-भट्टी घेऊन देशभर गेली. तिच्या नवऱ्याचंही दक्षिणेत असंच गलाईचं दुकान आहे. लग्नाला चार वर्षं झाली तरी दोघं कुठे फिरायला म्हणून गेली नव्हती. मुलगी आठ महिन्यांची झाली तेव्हा त्यांनी मनात आणलं की एकदा समुद्र बघायचा, आणि तोही परदेशातला. भाचीनं मला एक यादी पाठवली. सात दिवस, तीन हॉटेलं, अकरा ठिकाणं.

घरी आजेसासूबाईंचा एकच प्रश्न होता. "तान्हं लेकरू घिऊन पाण्यापल्याड कशाला जायाचं?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही, कारण तो खराच प्रश्न आहे. बाळाला त्यातलं काही आठवणार नाही. सहल आई-बापांसाठी असते, आणि ते कबूल करायला लाजू नये. बाळंतपणानंतरचं वर्ष म्हणजे बाईच्या शरीराची आणि झोपेची परीक्षाच असते. नवरा आठ-दहा तास भट्टीपुढे. त्या दोघांना आठ दिवस एकत्र मिळणं ही चैन नाही, गरज आहे. मात्र त्यांच्या सुखाची किंमत बाळाच्या अंगावर पडता कामा नये. म्हणून आम्ही ती यादी समोर ठेवली आणि एकेक गोष्ट खोडत गेलो.

आधी ठिकाण. मालदीव सुंदर आहे, पण तिथल्या अनेक बेटांवर हॉटेलापलीकडे काही नसतं, आणि रात्री ताप चढला तर डॉक्टरसाठी बोट किंवा छोटं विमान शोधावं लागतं. थायलंड, बाली स्वस्त पडतात, पण तिथे समुद्र आणि प्रेक्षणीय स्थळं या दोन्हींसाठी मुक्काम हलवावे लागतात. आमचं बोट थांबलं ते मॉरिशसवर, आणि का थांबलं ते नीट सांगतो, कारण दुसरं ठिकाण निवडतानाही याच कसोट्या उपयोगी पडतील.

मुंबईहून मॉरिशसला थेट विमान आहे. साधारण सहा तास, मध्ये उतरणं नाही, बदलणं नाही. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास मागे आहे, त्यामुळे बाळाची झोप उलटीपालटी होत नाही. मुख्य बेट जेमतेम पासष्ट किलोमीटर लांब आणि पंचेचाळीस रुंद, म्हणजे एकाच ठिकाणी तळ टाकून कुठेही दीडेक तासात जाऊन परत येता येतं. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसे पैसे दाखवावे लागतात आणि निघण्यापूर्वी एक ऑनलाइन प्रवासी अर्ज भरावा लागतो. हे नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढायच्या आदल्या दिवशी ते पुन्हा वाचायचे. बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. समुद्राच्या लाटा त्या भिंतीवर बाहेरच फुटतात आणि आत उथळ, शांत पाणी राहतं. आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच कंपनीच्या जाहिरातीत नसते: तिथे लोकसंख्येतले दोन-तृतीयांश लोक भारतीय वंशाचे असल्यामुळे कुठल्याही गावात वरण-भात मिळतो. नऊ-दहा महिन्यांच्या बाळाच्या आईला पंचतारांकित न्याहारीपेक्षा वाटीभर मऊ वरण-भाताचं मोल जास्त.

आता वय. विमान कंपन्या साधारण आठवडाभराच्या बाळालाही घेतात, पण घेतात म्हणून न्यावं असं नाही. माझं मत सरळ आहे. सहा महिन्यांच्या आत हौसेचा परदेश प्रवास करू नये. त्या वयात थोडा ताप आला तरी इस्पितळात न्यावं लागतं, लसी अर्ध्या झालेल्या असतात, उन्हाला कातडी टिकत नाही. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या फेऱ्या झाल्या की गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. तो घ्यावा, दोन-तीन आठवडे जाऊ द्यावे आणि मग निघावं. दहावा-अकरावा महिना हा मला सोन्यासारखा काळ वाटतो. बाळ बसतं, मऊ अन्न खातं, अजून अंगावर पितं, आणि चालू लागलेलं नसतं. चालायला लागलेलं दीड वर्षाचं मूल सहा तास मांडीवर धरून ठेवणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलं आहे त्यांनाच माहीत.

महिना निवडताना लक्षात ठेवायचं की मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळ्याचा उंबरा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ, तो टाळायचा. जून ते ऑगस्ट हवा छान असते, पण समुद्राचं पाणी बावीस-तेवीस अंशांवर येतं. मोठ्यांना ते चालतं. बाळाला नाही, कारण वजनाच्या मानानं त्याच्या अंगाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. मे महिना किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बाळासाठी चांगले. हिशोब मांडला तेव्हा भाचीचा ऑक्टोबर ठरला. दसऱ्याच्या आसपास, सराफी गर्दी सुरू व्हायच्या आत.

कागदपत्रांवर थोडं थांबतो, कारण बाळाच्या सहली इथेच जास्त अडतात. भारतात बाळाला आई-बापाच्या पासपोर्टवर नेता येत नाही. एक दिवसाच्या मुलालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. शुल्क एक हजार रुपये, आणि आठ वर्षांखालच्या मुलांच्या नव्या अर्जाला दहा टक्के सवलत. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. म्हणून सगळ्याचं मूळ तो दाखला. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. बारसं व्हायचं असेल तर नाव नंतरही घालता येतं आणि वर्षाच्या आत त्याला शुल्क नसतं. आपल्याकडे ते "घालू की" म्हणत राहून जातं आणि पासपोर्टच्या वेळी नावाचा रकाना रिकामा सापडतो.

दुसरी अडचण नावाच्या क्रमाची. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. मला हा निर्णय मनापासून आवडतो. नऊ महिने जिनं वाहिलं तिचं नाव कागदावर असावं. पण त्यामुळे दाखल्यावरचं नाव लांबलचक होतं आणि तिकीट काढणारा ते आपल्या मनानं तोडतो. एकच नियम पाळायचा: पासपोर्ट अर्जात दाखल्याप्रमाणे, आणि तिकिटावर पासपोर्टप्रमाणे, अक्षरन् अक्षर. आईचं नाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं असेल तर ते आधी सरळ करून घ्यायचं. भाचीचे यात पाच आठवडे गेले. दाखल्यावर तिचं माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आणि पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग.

सातारा जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. अर्जाला आई-वडील दोघांच्या संमतीचं घोषणापत्र लागतं. दोघांकडे वैध पासपोर्ट असतील तर बाळासाठी पोलीस पडताळणी सहसा होत नाही. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो तिथे काढत नाहीत, तो पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढून आपणच न्यायचा. घरी फोटो काढायची युक्ती सांगतो: पांढरी चादर जमिनीवर अंथरायची, बाळाला उताणं ठेवायचं, उजेड खिडकीचा, आणि वरून फोटो. मागे कुणाचा हात दिसता कामा नये. काजळ, टीट त्या दिवशी नको. तशीही डोळ्यांत काजळ घालणं थांबवावंच, त्यात शिसं असू शकतं. टीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, आजीही खूश आणि डोळेही सुरक्षित.

आता प्रवास. सगळे विमानाला भितात. पण दहिवडीहून निघालेल्या बाळासाठी कठीण टप्पा विमानाचा नाही, मुंबईपर्यंतच्या रस्त्याचा आहे. फलटण-लोणंदवरून गेलं काय किंवा पुसेगाव-साताऱ्यावरून, पुणे आणि घाट ओलांडून विमानतळ गाठायला सहा-सात तास जातात, म्हणजे विमानापेक्षा जास्त. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी पोचायचं असतं. सलग केलं तर बाळाचे सोळा-सतरा तास प्रवासात. म्हणून आदल्या दिवशी निघून पुण्यात किंवा नवी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम. आपल्या भागातल्या कुठल्या घराचं कुणी तिथे नाही, असं होत नाही. गाडीत बाळ आईच्या मांडीवर नको. ब्रेक जोरात लागला तर कुठल्याही आईचे हात बाळाला धरून ठेवू शकत नाहीत. मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवलेली बेबी सीट हवी. ही सीट पुढे मॉरिशसमधल्या भाड्याच्या गाडीतही वापरता येते. बऱ्याच विमान कंपन्या ती वेगळे पैसे न घेता नेतात, पण ते आधी विचारून घ्यायचं.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं आणि त्याचं भाडं परदेशी उड्डाणात साधारण मोठ्यांच्या दहा टक्के अधिक कर एवढं असतं. मोठ्या विमानात पुढच्या भिंतीला अडकवायचा एक पाळणा मिळतो. त्या जागा मोजक्या असतात, म्हणून तिकिटाबरोबरच फोन करून मागायच्या. वजनाची मर्यादाही विचारायची, बहुधा दहा-अकरा किलो असते. विमान हिंदकळू लागलं की पाळण्यातून बाळाला उचलून मांडीवर, वेगळ्या पट्ट्यानं बांधून घ्यावं लागतं, झोपलेलं असलं तरी.

कान का दुखतात हे समजलं की अर्धी भीती जाते. विमानाच्या आतली हवा समुद्रसपाटीची नसते. साधारण अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर असावी तेवढी ती विरळ ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंचावर बसल्यासारखं. विमान खाली येऊ लागलं की कानाबाहेरचा दाब वाढतो. कानाच्या आतल्या पोकळीला घशाशी जोडणारी एक बारीक नळी असते. ती उघडली तर दाब सारखा होतो, नाही उघडली तर पडदा आत ओढला जातो आणि ठणकतो. मोठी माणसं गिळतात, जांभई देतात, नळी उघडते. बाळाला हे सांगता येत नाही, पण दूध पिताना ते आपोआप होतं. म्हणून अंगावर पाजायची वेळ चढताना एकदा आणि उतरताना हमखास. उतरणं धावपट्टीला टेकण्याच्या अर्धा तास आधीच सुरू होतं, तेव्हाच उठवून घ्यायचं. निघायच्या आठवड्यात सर्दी किंवा कान वाहत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चढायचं नाही.

विमानतळाच्या तपासणीत शंभर मिलिलीटरचा नियम बाळाच्या दुधाला आणि अन्नाला लागत नाही, प्रवासापुरतं नेता येतं. भाचीनं नाचणीसत्त्व आणि भाजलेल्या तांदूळ-मूगडाळीचं बारीक पीठ छोट्या पुड्यांत नेलं. गरम पाणी घातलं की खिमट तयार. एक मात्र सांगतो, मॉरिशसला बी-बियाणं, फळं, रोपं यांबाबत नियम कडक आहेत, बेटावरची शेती त्यांना जपायची असते. तेव्हा कच्चं धान्य, फळं, तुळशीची रोपं नेऊ नयेत आणि जे खाण्याचं नेलं ते अर्जात लिहावं. बाळगुटीची सहाण घरीच ठेवा. आणि मध वर्षाच्या आत अजिबात नको, प्रवासात नको आणि घरीही नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजामुळे तान्ह्याला अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. हे आपल्याकडच्या आजींना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि सांगावं.

औषधांची पिशवी छोटी पण चोख. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध, थर्मामीटर, ओआरएसच्या पुड्या, नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, जुलाब लागल्यास जस्त. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच विरघळवायची, ग्लासात थोडी-थोडी नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. डासांचंही भान हवं. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या मॉरिशससारख्या बेटांवर चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, आणि तो पसरवणारा डास दिवसा चावतो. लांब बाह्यांचे सुती कपडे आणि झोपताना जाळी हाच बाळासाठी उत्तम उपाय. प्रवासी विमा काढताना बाळाचं किमान वय किती धरलंय ते वाचा. आणि पोचल्याच्या दिवशी जवळचं मोठं इस्पितळ नकाशावर शोधून ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्यांना कांदोसचं व्हिक्टोरिया हॉस्पिटल हे मोठं सरकारी इस्पितळ आहे.

आता तळ कुठे टाकायचा. तिथे वर्षातला बराच काळ वारा आग्नेयेकडून येतो. पूर्व किनाऱ्याला तो थेट लागतो, पश्चिम आणि वायव्य बाजू डोंगरांच्या आडोशाला राहते. म्हणून बाळासाठी पश्चिमेचं फ्लिक-आं-फ्लाक किंवा वायव्येचं त्रू-ओ-बिश. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, तिथे लाटा थेट कड्यावर येतात. बघायला भव्य, पण पाण्यात पाय घालायची जागा नव्हे. आमच्या यादीतली तीन हॉटेलं खोडली आणि फ्लिक-आं-फ्लाकला स्वयंपाकघर असलेलं एकच घर घेतलं. अकरा ठिकाणांची चार झाली.

तिथल्या दिवसाची घडी बाळाच्या झोपेवर बसवली. इथे सहाला उठणारं बाळ तिथे साडेचारला उठतं. त्याच्याशी भांडायचं नाही. पहिले दोन दिवस पहाटे आई-बाबांपैकी एकानं उठायचं, दुसऱ्यानं झोपायचं, मग आलटून-पालटून. बाहेर पडणं दिवसातून एकदाच, सकाळी. दहा ते तीन घरात, सावलीत, दुपारची झोप. संध्याकाळी पुन्हा किनारा. पांप्लमूसच्या वनस्पती उद्यानात तळ्यावर परातीएवढ्या पानांची कमळं आहेत आणि रस्ते सपाट, बाळगाडी सहज चालते. शामारेलची सात रंगांची माती बघायला वळणावळणाचा घाट चढावा लागतो, म्हणून पोटभर दूध पाजून लगेच निघायचं नाही. गंगा तलाव उंचावर आहे, किनाऱ्यावर ऊन असलं तरी तिथे धुकं आणि भुरभूर. टोपडं आणि शाल बरोबर हवी. आपली माणसं तिथे गेली की काठावर उभी राहून बराच वेळ बोलत नाहीत, असं भाची म्हणाली.

समुद्राशी बाळाची ओळख हा सगळ्यात नाजूक भाग. सहा महिन्यांवरच्या बाळाला उघड्या कातडीवर सनस्क्रीन लावता येतं, पण खरी ढाल सावली आणि कापड. वाळू आणि पाणी दोन्ही ऊन परतवतात, म्हणून छत्रीखालीही चेहरा भाजतो. पहिल्या दिवशी फक्त वाळूवर बसवायचं. दुसऱ्या दिवशी पाय. मग कमरेपर्यंत, तेही कडेवर घेऊन, पाच ते दहा मिनिटं. ओठ निळसर दिसले किंवा हुडहुडी आली की लगेच बाहेर, कोरडं करून छातीशी. खारं पाणी पोटात गेलं तर उलटी होते. पाण्यात काटेरी सी-अर्चिन आणि प्रवाळाचे तुकडे असतात, मोठ्यांनी रबरी बूट घालावेत, कारण कडेवर बाळ असताना आपला पाय घसरला तर दोघं पडतात. पाण्यात घालायचा डायपर मल अडवतो, लघवी नाही, तो लवकर बदलावा.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक आई-बापाला हात धरून सांगतो. बुडणारं मूल ओरडत नाही. हात आपटत नाही. वीतभर पाण्यात, कसलाही आवाज न होता, ते जातं. माणच्या लेकरांना पाण्याची सवय नाही. वर्षाला पाचशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात आपण वाढलो, आपल्यातल्या पुष्कळांना पोहता येत नाही. म्हणून नियम असा की दोघांपैकी एक जण "माझी पाळी" असं तोंडानं म्हणतो, आणि त्याच्या हाताच्या अंतरातून बाळ हलत नाही. त्याच्या हातात फोन नसतो.

या सगळ्यात सगळ्यात उपयोगी वस्तू ठरली ती आजेसासूबाईंचं जुनं सुती लुगडं. जायला विरोध करणाऱ्या आजींनीच ते निघताना बॅगेत कोंबलं होतं. किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, दोन खोडांना बांधून त्याची सावली झाली. बाळ अंगाशी बांधायला ते झालं, कारण वाळूत बाळगाडीची चाकं रुततात. पुसायला झालं, पाजताना आडोशाला झालं. रात्रीची झोप मात्र झोळीत नाही, घरमालकानं दिलेल्या लाकडी खाटल्यात, उताणं, उशीशिवाय.

एक सकाळ त्यांनी पोर्ट लुईला आप्रवासी घाटासाठी ठेवली होती, माझ्या आग्रहावरून. २ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून आलेल्या 'ॲटलस' जहाजातून छत्तीस मजूर या बंदरात उतरले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून जास्त भारतीय इथे ऊसमळ्यांत राबायला आले, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून. मुंबईहून आलेल्यांत मराठी माणसं होती, बहुतांश कोकणातली. किनाऱ्यावरच्या दगडी पायऱ्या अजून आहेत, आणि २००६ पासून ती जागा जागतिक वारसा आहे. त्या जहाजांतून बायका होत्या, आणि त्यांच्या कडेवर तान्ही मुलं होती. आठवडेच्या आठवडे समुद्रावर, मोजून मिळणाऱ्या पाण्यावर. किती पोचली आणि किती वाटेत गेली, याचा विचार करवत नाही. जी पोचली त्यांचे वंशज आज कास्कावेल, ब्लॅक रिव्हर, वाक्वा या भागांत राहतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात आणि कोकणातल्या जाखडीची नातलग असलेली झाकरी तिथे अजून नाचतात.

घाटावर एका वयस्क बाईंनी भाचीला बाळाशी मराठीत बोलताना ऐकलं आणि त्या थांबल्या. त्यांची मराठी अडखळत होती, मध्येच क्रिओल शब्द येत होते. त्यांनी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. ती खूण समजायला भाषा लागत नव्हती. भाची सांगते की तिथे तिला पहिल्यांदा रडू आलं. यादीतल्या कुठल्याच ठिकाणापेक्षा ही वीस मिनिटं तिला जास्त आठवतात. अकरा ठिकाणं ठेवली असती तर त्या वेळी ती गाडीत असती.

सातव्या दिवशी बाळाला थोडा ताप आला. औषध दिलं, शामारेलचा बेत रद्द केला, दिवसभर घरात राहिले. गेलेल्या तिकिटाच्या पैशांची हळहळ नवऱ्याला वाटली, ती वाटू द्यावी. बाळासोबतच्या सहलीत एक दिवस असा जाणारच असं धरून खर्चाचा आणि दिवसांचा हिशोब करावा. आठ दिवसांपैकी सहाच हाताशी आहेत असं समजावं आणि परत आल्यावर दुकान उघडण्याआधी एक दिवस घरी मोकळा ठेवावा.

घरी आल्यावर आजींनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. "एवढं पानी, आन् पेता येत न्हाई व्हय?" मग त्यांनी बॅगेतून आपलं लुगडं काढलं. काठात वाळू अडकली होती. ते दारात झटकलं, धुऊन दोरीवर टाकलं, आणि संध्याकाळी त्याचीच झोळी बांधून पणतीला आत घातलं.